खंडेनवमीचे ब्रेकपॅड

माझा नवरा गणराज भाजीवाल्यापुढे उभा राहिला की दोडका घ्यावा की घेवडा, यावर इतका वेळ लावतो की भाजीवालाच म्हणतो, "साहेब, दोन्ही न्या, पण जागा मोकळी करा." लग्नाआधी मला हो म्हणायलाही त्याने असाच घोळ घातला होता. शेवटी माझ्या बाबांनी वैतागून फोन केला, की बाबा रे, एकदाचं काय ते सांग. तर असा हा माणूस, आणि याने ब्रेकपॅड निवडायला घेतले. उन्हाळ्यात सुरुवात केली, गणपती येऊन गेले, तरी याचं आपलं चालूच!

ब्रेकपॅडमध्ये निवडायचं काय, असं मीही म्हणत होते. गाडी गॅरेजला टाकायची, नवे बसवून आणायचे, संपला विषय. पण ही गाडी नेहमीच्या कामाची नव्हे. नेहमीच्या कामाला माझी स्कूटी आहे. ही लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची, आधी दोघांनी वापरून सोडलेली स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायचं म्हणजे आधी डोकं घालायचं आणि मग बाकीचा माणूस गोळा करून आत घ्यायचा. मागे नावाला एक सीट आहे, तिथे फार तर दप्तर बसतं. वाकडला आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकरसुद्धा ती सरळ ओलांडू शकत नाही, तिरकी काढावी लागते. आठवडाभर ती कव्हराखाली पडून असते आणि तिचा मालक कंपनीच्या बसने चाकणला जातो. तिथे सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात तो प्लॅनिंगला आहे. कुठल्या शिफ्टला काय माल लागणार, कुठला ट्रक अडकला, कुणाला ओव्हरटाइमला थांबवायचं, दिवसभर हेच. त्यातून अधूनमधून एखादा रविवार उगवतो. चाकणच्या पुढे एक खासगी ट्रॅक आहे, तिथे त्या दिवशी हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमतात, हेल्मेटं घालतात आणि गरागरा फिरवतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. दुपारी ढाब्यावर जेवून घरी. याला म्हणे ट्रॅक डे.

मेच्या ट्रॅक डेहून तो आला तो गप्प गप्प. मी ताट वाढलं तर नुसता भात कालवत बसला. "काय झालं?" तर म्हणे, "ब्रेक लागले नाहीत."

माझा घास तोंडातच राहिला. "लागले नाहीत म्हणजे?"

मग त्याने मला समजावलं. चाकामागे लोखंडाची तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन जाड चकत्या तिला चिमटीत धरतात. त्या चकत्या म्हणजे ब्रेकपॅड. रस्त्यावर अधूनमधून दाबायचे असतात तेव्हा साधे पॅड उत्तम. पण ट्रॅकवर पुन्हा पुन्हा, तेही जोरात दाबावे लागतात, त्याने ते तापतात. फार तापले की हात वर करतात. पाय खालपर्यंत जातो आणि गाडी ऐकत नाही. तशीच ती वळणावरून सरळ गवतात गेली होती. गाडीला काही झालं नाही, त्यालाही नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली.

कारण दुसऱ्या जातीचे पॅड घ्यावेत, तर त्यांचं उलटं. ते शर्यतीसाठीच केलेले. कितीही तापले तरी सोडत नाहीत, उलट तापल्यावरच नीट धरतात. पण सकाळी थंड असताना धड पकडत नाहीत आणि चौकात थांबताना असे किंचाळतात की रिक्षावाले वळून बघतात. आणि आमच्याकडे दोन गाड्या थोड्याच आहेत? त्याच गाडीने ट्रॅकवर जायचं, त्याच गाडीने परत यायचं. मग मधले म्हणून आणखी तीन-चार प्रकार निघाले. कुणी म्हणे हा घे, कुणी म्हणे तो तबकडीच खातो. झालं! गणराजला एवढं पुरे होतं.

जेवताना पाय हलतोय. टीव्ही बघताना पाय हलतोय. बाल्कनीत इकडून तिकडे येरझाऱ्या. मी पोळी लाटतेय आणि हा ओट्याला टेकून विचारतोय, "सुखदा, समजा थंडीत सकाळी निघालो, आणि भूमकर चौकात कुणी अचानक आडवं आलं, तर?" मी लाटणं हातात घेऊनच सांगितलं, "तर उतरून पाया पड त्याच्या! मला नको विचारूस." माझं नाव सुखदा ठेवणाऱ्या आत्याला सासरचे अजून हसतात, तो भाग वेगळा.

एकदा मात्र माझं टाळकं फारच सरकलं. म्हटलं, "इतकी भीती वाटते तर विकून टाक ना ती गाडी! कोण म्हणतंय तुला पळव म्हणून?"

तो बाल्कनीच्या दारात उभा होता. म्हणाला, "मला पळवायची नाहीये गं. थांबवायचीय."

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे सासरे, दौलतराव. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. चाकणच्या बाजारातून कांदा भरायचा आणि दक्षिणेकडे घेऊन जायचा, असा स्वतःचा ट्रक होता त्यांचा. खंबाटकी घाट उतरताना भरल्या गाडीचे ब्रेक तापले आणि गेले. गाडी गेली, ते गेले. गणराज तेव्हा शाळेत होता. ही हकीकत मला लग्नाआधीपासून ठाऊक होती, पण ब्रेक 'तापून' गेले हा शब्द माझ्या कानांवरून नुसता वाहून गेला होता. इतके महिने हा माणूस माझ्यासमोर तडफडत होता आणि मी त्याला दोडका-घेवड्याच्या हिशेबात धरत होते. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढंच म्हटलं, "घे तू. सावकाश घे. पण चांगले घे."

त्यानंतर त्याने मधल्या प्रकारातले घेतले. थंडही धरतात, तापले तरी सोडत नाहीत, थोडे किंचाळतात, पण चालवून घेऊ. नवरात्रात खोकं आलं. गणराजने ते कागदाने धरून उघडलं, उघड्या बोटांनी हात लावेना. मला म्हणाला, "बोटांचा तेलकटपणासुद्धा लागू द्यायचा नाही याला. तेल शोषलं की पॅड मेला. मग तो पुसून काही उपयोग नाही, आतूनच तेल सोडतो." मी म्हटलं, बरं बाबा, सोवळ्यातलं दिसतंय.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. सुभद्राबाई, खेडजवळच्या गावच्या. घट धाकट्या दिरांकडे बसतात, तेव्हा दसऱ्याला त्या आमच्याकडे. एसटीने येतात आणि एसटीनेच जातात. मुलगा स्टिअरिंगवर असेल त्या गाडीत त्या बसत नाहीत. लग्नातही नाही बसल्या. कारण कुणी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. गाडीचं कव्हर काढलं की त्या लांबून बघतात आणि पदर तोंडाला लावून आत निघून जातात.

पण या वेळी त्यांनी खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये काय रं?"

"ब्रेकपॅड आहेत आई. यांनी गाडी थांबते."

"ह्यांनीच थांबती?"

"ह्यांनीच."

त्यांनी त्या चकत्यांकडे कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मग खंडेनवमीला पुजल्याबिगर गाडीला लावायचं न्हाई. मी सांगून ठिवते." गणराजने मान डोलावली. तसंही त्याच्या नेहमीच्या मेकॅनिकचं, प्रीतमचं, गॅरेज दसऱ्याआधी भरलेलं होतं.

खंडेनवमीला सकाळी चौरंगावर लाल कापड, त्यावर विळी, कात्री, गणराजचा पाना, माझा लॅपटॉप, आणि अगदी मधोमध, देवाच्या जागी म्हणा ना, ते चार ब्रेकपॅड. हळदकुंकू, झेंडू, साखरफुटाणे. मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, सगळे हसले. दसऱ्याला सोनं वाटलं. शनिवारी गणराज पॅड घेऊन नाशिक फाट्याकडे प्रीतमच्या गॅरेजला गेला, उशिरा आला, काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला नवीन नव्हतं. रविवारी सकाळी डबा घेऊन ट्रॅकवर गेला. जाताना आईच्या पाया पडला.

त्या सकाळी सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात होतो. त्या पूजेची भांडी पुसत होत्या, मी उपम्याला रवा भाजत होते. पूजा छान झाली, असं मी आपलं बोलायचं म्हणून बोलले.

"व्हायचीच," त्या म्हणाल्या. "तुमी शेरातली मान्सं नुस्तं कुक्कू लावता. आमच्यात हत्यार धुवायचं, मंग त्याल चोळायचं. गणूचे वडील असताना ट्रकचा जॅक, पाने, समदं मीच चोळायची. फकस्त ब्रेकाला कदी हात लावला न्हाई गं. कुटं असतंय त्येच म्हाईत नव्हतं." त्यांनी पुसलेला तांब्या पुन्हा पुसायला घेतला. "म्हून ह्या बारीला ऱ्हाऊ दिलं न्हाई. आदल्या सांजला गोडेतेलात ठिवले परातीत. सकाळपत्तूर समदं पिऊन टाकलं बग त्यांनी. वरून कोरडे ठाक. म्हटलं, तहानलेलेच व्हते."

माझा झारा कढईतच राहिला. रवा करपला, वास आला, तरी मला हलता येईना. तेल शोषलं की पॅड मेला. गणराजचा आवाज कानात होता. आणि गणराज तिकडे, त्या लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला, आईने पुजलेल्या ब्रेकवर पाय देणार होता.

"आई, मी जरा जाऊन येते," मी गॅस बंद केला. "गणराजचा डबा राहिला."

"डबा तर घिऊन गेला की तो. मीच दिला."

"चमचा राहिला!" मी म्हटलं आणि चपला घातल्या. त्या हातात फडकं धरून दारात आल्या. मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावले.

फोन लागत होता, उचलत नव्हता. ट्रॅकवर फोन पिशवीत ठेवायला लावतात. प्रीतम दसऱ्याचा गावी गेलेला, त्याचा बंद. मी स्कूटी काढली. डांगे चौकात रविवारचीही गर्दी. चिंचवडला सिग्नल. स्पाइन रोडला जरा मोकळं मिळालं आणि मोशीच्या पुढे कांद्याच्या, लोखंडाच्या, कसल्या कसल्या गाड्या एकामागे एक उभ्या. कुरुळीला तर मुंगीसुद्धा हलेना. मी दोन ट्रेलरच्या मधून स्कूटी घातली, एका ड्रायव्हरने आई-बाप काढले, मी त्याचे काढले. रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं. सासूबाईंचा? नवऱ्याचा? त्या मेल्या चकत्यांचा? दर वेळी ब्रेक दाबला की स्कूटी आपली मुकाट थांबत होती, आणि ते मला सहन होईना. देवा, त्याला आज घोळ घालू दे, हेल्मेट पांढरं घालू की काळं यावर तासभर घोळ घालू दे, असं मी तोंडाने बडबडत होते.

ट्रॅकच्या गेटवर वॉचमनने अडवलं. मनगटाला प्रवेशाची पट्टी पाहिजे म्हणे. "माझा नवरा आत मरतोय आणि तुम्ही पट्टी मागता?" असं म्हणून मी स्कूटी तिथेच आडवी टाकली आणि पळाले. तारेच्या कुंपणापाशी पोचले तर समोरच्या सरळ रस्त्यावर लाल गाडी. आमचीच. आवाज वाढत होता. टोकाला वळण. मी दोन्ही हातांनी तार धरली. 

मागचे लाल दिवे लागले. लवकर, बरेच आधी लागले. गाडी हळू झाली, अगदी शहाण्यासारखी वळली आणि आत निघून गेली. मी तिथेच मातीत बसले.

मला कुंपणाशी बघून तो हेल्मेट काखेत धरून धावत आला तेव्हा मी त्याच्या छातीवर पहिला गुद्दा घातला. "तेल! पॅड तेलात! आईंनी रात्रभर—"

"माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"शनिवारी प्रीतमने हातात घेतले आणि विचारलं, साहेब, यावर भजी तळायची आहेत का? वास येत होता. जुनेच परत बसवले. म्हणून हळू चालवतोय. दोन चकरा मारतो, गार होऊ देतो, परत दोन मारतो. हे पण तापले की सोडतील."

इतके महिने ज्याच्यासाठी जीव खाल्ला, ते डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून पडलं होतं. त्याने मला दाखवलं. कागद तेलकट झाला होता, एका पॅडला कुंकू तसंच होतं. "टाकवेनात," तो म्हणाला.

"मग आलास कशाला आज?"

"नसतो आलो तर आईने कारण विचारलं असतं."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तू आईला बोलली असतीस, सुखदा."

 बोललेच असते. घर डोक्यावर घेतलं असतं.

दुपारी आम्ही परतलो, तो गाडीने पुढे, मी स्कूटीने मागे. गेटमधून आत शिरलो तर सासूबाई खाली, वॉचमन सोपानरावांच्या केबिनजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. नऊवारी बदललेली, पायात चपला. मी गेल्यापासून त्या खालीच होत्या, असं सोपानराव मला हळूच म्हणाले. गणराज गाडीतून उतरला तशा त्या उठल्या. त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं, खांद्याला हात लावून बघितला.

"थांबली का रं?"

"थांबली की आई. जागच्या जागी! तुझी पूजा आहे, थांबेल नाही तर काय."

त्यांनी पदर खोचला. गाडीच्या दरवाज्यापाशी गेल्या. "बसू का मंग?"

गणराजच्या हातातून चावी पडली. ती उचलून त्याने दार धरलं. सासूबाईंना आत घ्यायला आम्हा दोघांना लागावं लागलं, आधी डोकं, मग गुडघे, मग नऊवारीचा घोळ. "काय बाई ही गाडी, भुईला टेकली," असं म्हणत त्या एकदाच्या बसल्या. मी मागे, दप्तराच्या जागेत, गुडघे हनुवटीला लावून.

आम्ही भूमकर चौकाकडे निघालो. त्यांनी दाराचा दांडा घट्ट धरला होता. गणराज इतका हळू चालवत होता की रिक्षा मागे टाकून जात होत्या. सिग्नल लाल झाला. त्याने ब्रेक दाबला, गाडी आवाज न करता थांबली. जुने पॅड, ते कशाला किंचाळतील?

सासूबाईंनी दांडा सोडला. समोर बघतच म्हणाल्या, "पुढल्या साली नुस्तं फूल व्हाईन. त्याल न्हाई लावायची."

गणराजची मान ताठ झाली.

"सुनबाय चमच्यापायी जिन्यानं पळाली, तवाच मला वळखू आलं, कायतरी चुकलंय. खाली यिऊन सोपानरावास्नी इचारलं, ब्रेकाला त्याल लागलं तर काय व्हतंय. त्यांनी सांगितलं." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग परत काढला. "तवापस्नं खुर्चीत बसून व्हते. म्हटलं, येकाला न्हाई थांबवता आलं, आन् दुसऱ्याला मीच..."

"आई," गणराज म्हणाला.  मी मागून हात घालून त्यांचा खांदा धरला. 

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, कुणीतरी खिडकीतून शिवी हासडली. गणराज स्टिअरिंगला धरून तसाच बसला होता, त्याचे खांदे हलत होते.

सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "थांबली की रं गणू," त्या म्हणाल्या. "बग, थांबली. आता चल."